कातड्यावरची बखर आणि काचेवरची छबी

१८९९ साली अमेरिकी सरकारने पाच डॉलरची नवी नोट काढली. तिच्या मधोमध एका सू पुढाऱ्याचा चेहरा होता. त्याचे नाव रनिंग अँटिलोप, तो लकोटांच्या हुंकपापा गटातला. अमेरिकेच्या कागदी चलनावर एखाद्या मूळनिवासी माणसाचे व्यक्तिचित्र मुख्य चित्र म्हणून छापले गेले ते एवढेच. नोटेसाठी वापरलेले छायाचित्र अलेक्झांडर गार्डनरने १८७२ साली वॉशिंग्टनमध्ये घेतले होते. त्यात रनिंग अँटिलोपने आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे डोक्यात तीन पिसे उभी खोवली होती. ती उंच पिसे नोटेच्या चौकटीत मावेनात. मग कोरीवकाम करणाऱ्याने ती काढून टाकली आणि त्याच्या डोक्यावर पॉनी लोकांचा पिसांचा मुकुट चढवला. पॉनी आणि सू यांचे पिढीजात वैर. शत्रूचे शिरोभूषण घेऊन हा चेहरा देशभर हातोहात फिरला, आणि त्याला हरकत घ्यायला रनिंग अँटिलोप तेव्हा हयात नव्हता.

‘रेड इंडियन’ म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडा, पिसांचा मुकुट आणि निमुळता कातडी तंबू येतो. ते चित्र मुख्यतः सू आणि त्यांच्या शेजारच्या गवताळ मैदानी जमातींवरून बेतलेले आहे. अमेरिकेत शेकडो मूळनिवासी समाज आहेत. कोणी मासेमार, कोणी मातीच्या पक्क्या घरांत राहणारे शेतकरी. सर्कस, सिनेमा, नाणी आणि पोस्टकार्डांनी या सगळ्यांना एकाच वेषात बसवले, आणि तो वेष सू लोकांकडून उचलला. स्वतः सू लोकही एकसारखे नाहीत. मिनेसोटाच्या रान-तळ्यांच्या मुलखातले डकोटा, मिसुरी नदीकाठचे यांक्टन आणि यांक्टोनाई, पश्चिमेच्या मैदानात बायसनच्या कळपांमागे फिरणारे लकोटा असे सात ‘परिषद-अग्नी’ मिळून हा समाज होतो.

या लोकांची चित्रे दोनशे वर्षे निघत आली आहेत. चितारी, फौजी अधिकारी, छायाचित्रकार, सर्कसवाले आणि सिनेमावाले असे सगळे त्यांच्याकडे आले. त्या ढिगाकडे पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते. चित्र म्हणजे काय, ते कोणी काढावे आणि त्यात खोटेपणा कधी होतो, याचे पक्के नियम सू लोकांकडे या पाहुण्यांच्या आधीपासून होते.

लकोटांचे वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंतचे. वर्ष सरले की जाणती माणसे एकत्र बसत आणि सरल्या हिवाळ्याची खूण कोणती ते ठरवत. ठरलेली ती एकच घटना नेमलेला माणूस बायसनच्या कमावलेल्या कातड्यावर रंगवी. अशा नोंदींना ‘हिवाळ्यांची मोजणी’ म्हणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध यांक्टोनाई लोन डॉगची. १८०० ते १८७१ पर्यंतचे हिवाळे तिच्यात मध्यापासून बाहेर वलयाकार उलगडत जातात. पहिल्या खुणेत तीस उभ्या रेघा आहेत, कारण त्या वर्षी क्रो लोकांनी तीस डकोटा मारले. दुसऱ्या वर्षी अंगभर ठिपके असलेला माणूस दिसतो. देवीची साथ आली होती. १८३३-३४ च्या हिवाळ्यात नुसते तारे कोसळताना दिसतात. १८३३ च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला होता. वेगवेगळ्या गटांच्या मोजण्या इतर बाबतींत बऱ्याचदा एकमेकींशी जुळत नाहीत, पण तारे कोसळल्याची खूण जवळपास प्रत्येकीत सापडते. म्हणून तो हिवाळा धरून पुढची-मागची वर्षे इंग्रजी तारखांशी लावता आली. १८६९ च्या खग्रास ग्रहणाच्या जागी लोन डॉगने काळा सूर्य काढला आहे.

चित्र ही खुंटी. त्या वर्षाच्या सगळ्या आठवणी तिच्यावर टांगलेल्या. मोजणी सांभाळणारा माणूस कातडे पसरून एकेक खूण दाखवत गोष्ट सांगे. मराठीत बखरी लिहिल्या गेल्या, तशी ही चित्रांची बखर. फरक एवढा की तिच्यात राजाची स्तुती नाही. साथ, दुष्काळ, बर्फ, एखाद्या पुढाऱ्याचा मृत्यू, घोड्यांची लूट हे सगळे एकाच मापाने काढलेले आहे.

योद्ध्यांच्या अंगावरच्या पांघरुणांवर वेगळी चित्रे असत. तिथे पुरुष आपले पराक्रम काढत. मात्र ज्या प्रसंगाला साक्षीदार आहेत तेवढाच काढायचा, हा दंडक होता. न केलेली कामगिरी रंगवणारा चारचौघांत उघडा पडे. माणसे, घोडे आणि लढाया काढणे पुरुषांचे काम. बायका भौमितिक आकृत्या रंगवत आणि साळिंदराच्या काट्यांचे, पुढे मण्यांचे, भरतकाम करत. बाहेरच्यांनी या भरतकामाला बराच काळ ‘नक्षी’ म्हणून बाजूला ठेवले. त्यामुळे सू बायकांचे चित्रविश्व इतिहासाच्या पुस्तकांत फार उशिरा आले, याचे वाईट वाटते.

१८३२ च्या उन्हाळ्यात चित्रकार जॉर्ज कॅटलिन ‘यलोस्टोन’ नावाच्या आगबोटीने मिसुरीतून वर निघाला तो या जगात. फोर्ट पिअरला शेकडो तंबूंचा तळ पडला होता. कॅटलिनने तिथे भराभर व्यक्तिचित्रे रंगवली. त्यांतले एक हुंकपापा योद्धा लिटल बेअरचे होते. त्याने ते एका बाजूने रंगवले, त्यामुळे अर्धाच चेहरा दिसत होता. कॅटलिनच्याच सांगण्याप्रमाणे शोन्का नावाच्या दुसऱ्या योद्ध्याने ते पाहून टोमणा मारला की हा अर्धाच माणूस, याची उरलेली बाजू कामाची नाही. वाद पेटला, बंदुका निघाल्या. शोन्काची गोळी लिटल बेअरच्या चेहऱ्याला लागली आणि चित्रात न आलेली नेमकी तीच बाजू उडाली. लिटल बेअर मेला. कॅटलिनला पुढे काही दिवस जीव मुठीत धरून राहावे लागले.

कॅटलिनला नाट्य आवडे, म्हणून हा प्रसंग जपूनच वाचायला हवा. पण त्यातली मूळ अडचण खरी आहे. युरोपीय चित्रकलेत बाजूने दिसणारा चेहरा म्हणजे फक्त एक कोन. सू चित्रात माणसाचे काय दाखवले आणि काय वगळले याला अर्थ असे. एकाच चित्रात दोन्ही समजुती समोरासमोर आल्या आणि किंमत मॉडेलला मोजावी लागली. कॅटलिनने आपली चित्रे पुढे लंडन आणि पॅरिसला नेऊन दाखवली आणि तो कर्जात बुडाला. संग्रह एका सावकाराकडे गेला. १८७९ साली तो स्मिथसोनियन संस्थेला मिळाला, आणि लिटल बेअरचे ते चित्र आजही तिथेच आहे.

कॅटलिनच्या पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, स्वित्झर्लंडचा तरुण चित्रकार कार्ल बोडमर जर्मन राजपुत्र मॅक्सिमिलियनबरोबर त्याच नदीने वर गेला. बोडमर सावकाश काम करी. मण्यांची रांग, कातड्याची शिवण, काट्यांच्या भरतकामाचा रंग तो मोजून टिपत असे. त्याने रंगवलेल्या एका टेटन, म्हणजे लकोटा, बाईच्या पांघरुणावर चौकट आणि किनार स्पष्ट दिसते. सू बायकांच्या कामाची कुणा परक्याने मन लावून घेतलेली ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक.

मिनेसोटात फोर्ट स्नेलिंगच्या फौजी ठाण्यावरचा अधिकारी सेथ ईस्टमनही चित्रकार होता. डकोटांचे चेंडूचे खेळ, शिकार, तंबू, कष्टाची कामे असे रोजचे जगणे त्याने रंगवले. तिथे एका डकोटा बाईपासून त्याला मुलगी झाली. त्या मुलीचा मुलगा चार्ल्स ईस्टमन. हा नातू १८५८ मध्ये जन्मला, बॉस्टनमध्ये डॉक्टर झाला आणि १८९० साली लकोटांच्या पाइन रिज वसाहतीत सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाला. आजोबांनी ज्या समाजाची चित्रे रंगवली, त्याच समाजातला हा मुलगा पुढे आपल्या लोकांविषयी पुस्तके लिहू लागला.

१८६२ साली मिनेसोटातले चित्र पार बदलले. कराराचे पैसे थकले होते, व्यापारी उधारीवर धान्य देईनात. उपासमारीने पिचलेले डकोटा लढाईला उठले. सहा आठवड्यांत बंड मोडले. ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. अध्यक्ष लिंकनने यादी तपासून ती कमी केली, आणि २६ डिसेंबरला मँकॅटो येथे एकाच चौथऱ्यावर ३८ डकोटांना फासावर चढवले. अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी इतक्या लोकांना फाशी कधीच दिली गेली नव्हती आणि नंतरही दिली गेली नाही. फाशीची शिळाछाप चित्रे लोक भिंतीवर लावत. फोर्ट स्नेलिंगच्या तटाखाली त्या हिवाळ्यात सुमारे सोळाशे डकोटा डांबलेले होते, त्यांत बायका-मुलेच अधिक. सेंट पॉलचा छायाचित्रकार जोएल व्हिटनी याने कैद्यांच्या छब्या खिशात मावतील अशा पुठ्ठ्यांवर छापून विकल्या. इथून पुढे सू माणसाची छबी हा बाजारातला माल झाला.

छायाचित्राचा वापर सरकारही करू लागले. १८६८ मध्ये फोर्ट लॅरामीला लकोटांशी करार झाला, तेव्हा गार्डनर कॅमेरा घेऊन हजर होता. त्या कराराने ब्लॅक हिल्स डोंगरांसह मोठा मुलूख सू लोकांसाठी राखून ठेवला. सहाच वर्षांनी फौजी अधिकारी कस्टर हजारभर माणसे आणि शंभराहून अधिक गाड्या घेऊन त्याच डोंगरांत शिरला. बरोबर विल्यम इलिंगवर्थ हा छायाचित्रकार होता. दोन भिंगांतून पाहिल्यावर खोली दिसेल अशी त्याची जोडचित्रे लोकांनी घरी बसून पाहिली. गवताळ दरी, तिच्यातून जाणाऱ्या गाड्यांच्या लांबलचक रांगा, मागे डोंगर. ज्यांचा मुलूख होता ती माणसे त्या चौकटीत जवळपास नाहीतच. सोने सापडल्याची बातमी पसरली आणि १८७७ साली डोंगर हिसकावून घेतले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सू लोकांना दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. त्यांनी ती आजतागायत उचललेली नाही. त्यांना जमीन हवी आहे.

कॅमेऱ्यासमोर बसायचे की नाही, आणि बसायचे तर कोणत्या अटीवर, याचा विचार लकोटा पुढाऱ्यांनी फार नीट केला. ओग्लाला लकोटा पुढारी रेड क्लाउड १८७० मध्ये वॉशिंग्टनला गेला तेव्हा त्याने छायाचित्राला नकार दिला. १८७२ मध्ये तो मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत बसला. त्यानंतर १९०९ मध्ये मरेपर्यंत त्याची शंभराहून अधिक छायाचित्रे निघाली. एकोणिसाव्या शतकात इतक्या वेळा छायाचित्र घेतलेला दुसरा मूळनिवासी माणूस सापडत नाही. ती क्रमाने पाहिली तर राजकारण दिसते. राजधानीत वाटाघाटींना गेला की अंगात कोट, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर पारंपरिक वेष, आणि म्हातारपणी दृष्टी गेल्यावरही ताठ बसण्याची तीच लकब.

हुंकपापा पुढारी सिटिंग बुलने तर छबीचा हिशेबच मांडला. १८८१ मध्ये शरण आल्यावर बिस्मार्क गावी ऑर्लंडो गॉफने त्याचे पहिले छायाचित्र घेतले. १८८५ मध्ये तो बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात एका हंगामासाठी सामील झाला. आठवड्याला ५० डॉलर पगार ठरला. शिवाय आपली छायाचित्रे आणि सह्या विकण्याचा हक्क फक्त आपल्याकडे राहील, हे कलम त्याने करारात घालून घेतले. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर शेकडो लोक पैसा करत होते, त्याने निदान एका वर्षापुरती तरी त्या चेहऱ्याची मालकी कागदावर आणली. आणि त्याआधी त्याने स्वतःची चित्रेही काढलेली होती. त्याच्या पराक्रमांच्या चित्रमालेत प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर बसलेला बायसन दिसतो आणि एक रेघ त्याला स्वाराशी जोडते. ती त्याची सही.

ओग्लाला योद्धा क्रेझी हॉर्स कॅमेऱ्यासमोर कधी बसला असे खात्रीने दाखवणारे एकही छायाचित्र नाही. अनेकांनी ‘हाच तो’ म्हणून फोटो पुढे केले. एकही निर्विवाद ठरला नाही. १८७७ मध्ये फोर्ट रॉबिन्सनला त्याला संगिनीने मारले गेले. या न काढलेल्या चेहऱ्याच्या जागी ब्लॅक हिल्समध्ये १९४८ पासून एक अख्खा डोंगर कोरला जातो आहे. लकोटा पुढारी हेन्री स्टँडिंग बेअरने शिल्पकार कोर्चाक झिओलकोव्स्कीला बोलावले, कारण जवळच माउंट रशमोरवर चार अध्यक्षांची डोकी कोरली जात होती आणि आमचेही वीर आहेत हे जगाला कळावे, असे त्याला वाटत होते. १९९८ साली चेहरा पूर्ण झाला. बाकीचे काम चालू आहे. ज्याने आपली प्रतिमा होऊ दिली नाही त्याचा चेहरा पवित्र डोंगरात सुरुंग लावून काढणे अनेक लकोटांना मान्य नाही. त्यांचे म्हणणे पटते.

हा हेन्री स्टँडिंग बेअर लहानपणीच एका छायाचित्रात अडकला होता. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलांची पहिली मोठी तुकडी लकोटांचीच होती. तिथे केस कापत, नावे बदलत, भाषा बोलू देत नसत. जॉन चोट हा स्थानिक छायाचित्रकार मुलांचे आल्याबरोबर एक आणि काही काळाने दुसरे छायाचित्र घेई. आधी पांघरूण आणि मोकळे केस. नंतर गणवेश, आखूड केस, आणि प्रकाशयोजनाही अशी की त्वचा उजळ दिसावी. ही जोडी देणगीदारांना आणि खासदारांना पाठवली जाई. हेन्री आणि यलो रोब भावंडांची आधीची-नंतरची जोडी त्यांतलीच, खूप गाजलेली. अशा छायाचित्रांकडे पाहताना त्या मुलांच्या नजरेपाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. शाळेने आपले यश दाखवायला ती मुले उभी केली. पण त्यांनी काय गमावले त्याचा पुरावाही कॅमेऱ्यातल्या त्याच काचेवर उमटला.

२९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी नाल्याजवळ घोडदळ लकोटा पुढारी बिग फुटच्या लोकांची शस्त्रे काढून घेत असताना गोळीबार सुरू झाला. हॉचकिस तोफा टेकडीवरून तळावर चालल्या. अडीचशे ते तीनशे लकोटा मेले, त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. मग हिमवादळ आले. १ जानेवारीला डॉक्टर चार्ल्स ईस्टमन बर्फात जखमींना शोधत फिरत होता. ३ जानेवारीला नेब्रास्कातल्या चॅड्रनचा छायाचित्रकार जॉर्ज ट्रेगर तिथे पोचला. बर्फात आखडलेला बिग फुटचा देह, गाड्यांत रचलेली प्रेते आणि लांब खंदक यांच्या छायाचित्रांच्या काचा त्याने घेतल्या. एका मृताजवळ बंदूक ठेवून चित्र सजवले गेले. हे फोटो नग आणि संच करून विकले गेले. त्याच जानेवारीत ‘हार्पर्स वीकली’मध्ये चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टनचे चित्र छापून आले. तो त्या दिवशी तिथे नव्हता. सैनिकांकडून ऐकून त्याने शूर शिपायांची लढाऊ रांग काढली. ट्रेगरचा व्यापार कितीही ओंगळ असो, त्याच्या काचांनी रेमिंग्टनची रांग खोटी पाडली. या हत्याकांडाचा न नाकारता येणारा पुरावा त्याच काचा आहेत, आणि त्या बघवत नाहीत.

नरसंहारातून वाचलेल्यांपैकी आणि कैदेत पडलेल्यांपैकी काहींना ‘वाइल्ड वेस्ट’ खेळाचा आसरा मिळाला. रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या वसाहतीत, पारंपरिक नाचाला बंदी होती. खेळात त्याच नाचाचे पैसे मिळत. २४ सप्टेंबर १८९४ रोजी या खेळातले लकोटा कलावंत न्यू जर्सीत एडिसनच्या काळ्या स्टुडिओत नाचले. मूळनिवासी माणसांचे ते पहिले चलचित्रण मानतात, जेमतेम काही सेकंदांचे. एका फितीला ‘सू घोस्ट डान्स’ असे नाव दिले गेले. खरा घोस्ट डान्स हा धार्मिक नाच, त्यात बायका-पुरुष हात धरून मोठे वर्तुळ करत. इथे दाटीवाटीने नाचणारे फक्त पुरुष आणि मुलगे आहेत. वूंडेड नीला चार वर्षेही झाली नव्हती, आणि ज्या नाचामुळे माणसे मारली गेली त्याचे नाव तिकिटासाठी वापरले गेले.

१८९८ मध्ये गर्ट्रूड कासेबिअर या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार बाईंनी याच खेळातल्या सू मंडळींना पाचव्या अॅव्हेन्यूवरच्या आपल्या स्टुडिओत बोलावले. त्यांना पिसे आणि मणी नको होते, माणूस हवा होता. आयर्न टेलचे त्यांनी शिरोभूषण उतरवून छायाचित्र घेतले. त्याने ते पाहिले आणि फाडून टाकले. दुसऱ्या वेळी पूर्ण वेषात बसला तेव्हा त्याला बरे वाटले. कासेबिअरबाईंचा हेतू चांगला होता, तरी ‘खरा माणूस’ कुठला हे ठरवायचा हक्क आयर्न टेलला स्वतःकडे हवा होता. त्याच आयर्न टेलचा चेहरा, दुसऱ्या मूळनिवासी पुरुषांच्या चेहऱ्यांशी मिसळून, जेम्स अर्ल फ्रेझरने १९१३ च्या पाच सेंटच्या नाण्यावर घडवला. कासेबिअरबाईंनी झितकाला-शा या यांक्टन डकोटा लेखिकेचीही छायाचित्रे काढली. हातात व्हायोलिन आणि पांढरा झगा, तसाच पारंपरिक वेषही. दोन वर्षांतच तिने ‘अटलांटिक मंथली’मध्ये निवासी शाळांवर जळजळीत लेख लिहिले.

छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसची गोष्ट अधिक गाजलेली आहे. जे. पी. मॉर्गनच्या पैशांवर त्याने १९०७ ते १९३० या काळात वीस खंड काढले. १९०८ चा तिसरा खंड सू लोकांचा. म्हाताऱ्या योद्ध्यांना पुन्हा घोड्यांवर बसवून त्याने टोळीच्या स्वाऱ्या रचल्या. तेव्हा पाइन रिजवर ओंडक्यांची घरे, गाड्या, रेशनची दुकाने होती. ती चौकटीबाहेर राहिली. चित्रे अप्रतिम आहेत, त्यांतला शोकही खरा आहे. मात्र जिवंत माणसांवर अस्ताचा प्रकाश टाकणारी ही नजर त्यांच्या शाळा, जमिनी आणि दावे यांच्याविषयी काही सांगत नाही. रोझबड रिझर्व्हेशनवर दुकानात काम करणारा स्वीडिश छायाचित्रकार जॉन अँडरसन तेवढा गाजला नाही. त्याने तिथेच राहून दशकानुदशके मांसवाटपाचे दिवस, कुटुंबे, जत्रा, दुकाने टिपली. इतिहासकाराला आज त्याच्या काचा अधिक कामी येतात.

सू माणसांनी स्वतः काढलेली चित्रे मधल्या काळात थांबली नव्हती. बायसन संपले, कातडे मिळेना. तेव्हा खतावण्या, कापड, रंगीत पेन्सिली हाती आल्या. १८८१ मध्ये मिनिकोन्जू लकोटा रेड हॉर्सने चार्ल्स मॅकचेस्नी या फौजी डॉक्टरसाठी लिटल बिगहॉर्नच्या लढाईची ४२ चित्रे काढली. कस्टर ज्यात मारला गेला त्या १८७६ च्या लढाईत तो स्वतः होता. तंबूंचा तळ, घोडदळाचा हल्ला, गर्दी, कोसळलेले शिपाई आणि मेलेले सू योद्धे असे पानेच्या पाने भरलेले आहे. एका सेनापतीभोवती काही फिरत नाही. १८९६ मध्ये एका बिअर कंपनीने ‘कस्टरची अखेरची लढाई’ हे शिळाछाप चित्र गावोगावच्या दारूगुत्त्यांत लावायला वाटले. त्यात कस्टर मधोमध तलवार उगारून उभा आहे आणि काही सू योद्ध्यांच्या हाती आफ्रिकेतल्या झुलूंच्या ढाली आहेत. कित्येक पिढ्यांनी तेच चित्र इतिहास म्हणून पाहिले. त्याच दशकात लकोटा योद्धा किकिंग बेअरने कापडावर तीच लढाई रंगवली, तीही रेमिंग्टनच्या विनंतीवरून. त्यात मेलेल्या शिपायांच्या वर रिकाम्या बाह्यरेषांनी काढलेल्या आकृत्या आहेत. ते त्यांचे निघून जाणारे आत्मे. शत्रूच्या आत्म्यालाही त्याने जागा ठेवली आहे.

या सगळ्यांत मोठे काम अॅमॉस बॅड हार्ट बुल याचे. तो ओग्लाला, सुमारे १८६८ चा. फौजेत स्काउट असताना त्याने नेब्रास्कातल्या क्रॉफर्डमधल्या एका कापड-दुकानदाराकडून वापरलेली खतावणी विकत घेतली आणि चारशेहून अधिक चित्रांनी ती भरली. क्रो लोकांशी लढाया, लिटल बिगहॉर्न, सूर्यनृत्य, मुलांचे खेळ, क्रेझी हॉर्सचा मृत्यू, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुका, शेती शिकणारे लोक असे सगळे तिच्यात आले. तो कोणाकडून चित्रकला शिकला नव्हता. जमाव उंचावरून दाखवून त्याच पानावर एखादा तपशील जवळून दाखवण्याची रीत त्याने स्वतः शोधली. जे स्वतः पाहिले नव्हते, त्यासाठी काका आणि म्हाताऱ्या योद्ध्यांना विचारून तो खात्री करी. साक्षीदारांचा जुना दंडक खतावणीतही पाळला गेला.

१९१३ मध्ये तो वारला. खतावणी बहिणीकडे, डॉली प्रिटी क्लाउडकडे राहिली. नेब्रास्का विद्यापीठाच्या हेलन ब्लिशने बऱ्याच मनधरणीनंतर ती अभ्यासासाठी भाड्याने घेतली, आणि १९२७ मध्ये तिच्या प्राध्यापकांनी पानांची छायाचित्रे करवून घेतली. १९४७ मध्ये डॉली वारली तेव्हा खतावणी तिच्याबरोबर पुरली गेली. ब्लिशही तोवर गेली होती. १९६७ साली छायाचित्रांवरून ग्रंथ निघाला. मूळ वही जमिनीखाली ठेवण्याचा निर्णय कुटुंबाचा होता. संशोधकांना हळहळ वाटते ती समजते. तरी ज्यांच्या घरची ती वही, त्यांचा शब्द तिच्याविषयी अखेरचा ठरला, हे योग्यच झाले.

यांक्टोनाई डकोटा ऑस्कर हाउ १९१५ मध्ये क्रो क्रीक रिझर्व्हेशनवर जन्मला. साउथ डकोटाच्या विद्यापीठात तो चित्रकला शिकवत असे. १९५८ साली त्याने ओक्लाहोमातल्या फिलब्रुक संग्रहालयाच्या मूळनिवासी चित्रकारांच्या वार्षिक स्पर्धेत ‘उमिने वाचीपी’ हे नृत्याचे चित्र पाठवले. कोनदार, तुटलेल्या पातळ्यांत शरीरे गुंफलेली. परीक्षकांनी ते नाकारले. चित्र उत्तम आहे, पण ‘इंडियन’ चित्रांच्या पारंपरिक शैलीत बसत नाही, असे त्यांचे मत पडले. हाउने संग्रहालयाला संतप्त पत्र लिहून विचारले की आम्ही कायमचे एकाच साच्यात राहायचे का आणि आमची कला काय ते दुसऱ्यांनी ठरवायचे का. पत्राचा परिणाम झाला. संग्रहालयाने निकष सैल केले. समीक्षक त्याला घनवादी म्हणत राहिले. त्याचे उत्तर ठरलेले होते: आधी कागदावर बिंदू ठरवायचे, मग रेघांनी ते कोळ्याच्या जाळ्यासारखे जोडायचे, ही रीत पिकासोकडून आलेली नाही. डकोटा चितारी कातड्यावर साक्षीदारांसमोर खरी घटना मांडत तेव्हापासूनची ती आहे, आणि तिचे डकोटा नाव ‘तोहोक्मू’. १९८३ मध्ये हाउ वारला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन भरले.